हक्क लेखी हवा, वेळेवर हवा : २०२५ मधील निकालांविषयी वाचकांचे प्रश्न

२०२५ या वर्षातील न्यायालयीन निकालांविषयी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. सर्वच पत्रांना उत्तर देणे जागेअभावी शक्य नाही. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. निकाल दिल्लीत किंवा मुंबईत लागतो. त्याचा उपयोग मात्र आपल्याला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आणि जनसुनावणीच्या मांडवात करून घ्यावा लागतो. त्यामुळे अमुक निकाल किती थोर आहे हे सांगण्यापेक्षा तो आपल्या हाती कसा येतो, हे सांगण्यावर मी भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या वाडीतील एका तरुणाला पोलिसांनी रात्री घरातून नेले. कोणत्या गुन्ह्यासाठी नेले, हे त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या आवारात कळले. अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात, असा निकाल नोव्हेंबरमध्ये लागल्याचे वाचनात आले. तो सर्व गुन्ह्यांना लागू आहे का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : होय, सर्व गुन्ह्यांना लागू आहे, आणि माझ्या मते २०२५ या वर्षातील नागरी स्वातंत्र्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल हाच आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने 'मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात तो दिला. मूळ प्रकरण मुंबईतील वरळी येथे जुलै २०२४ मध्ये झालेल्या मोटार अपघाताचे होते. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न त्या अपघातापुरता नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) नुसार अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवलीच पाहिजेत. ती तोंडी कळवली तर चालते की लेखी द्यावी लागतात, आणि लेखी द्यायची तर ती कोणत्या गुन्ह्यांत, हा वाद होता.

या निकालापर्यंतची वाट दोन वर्षांची आहे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी पंकज बन्सल प्रकरणात न्यायालयाने काळ्या पैशाला वैध रूप देण्याविरुद्धच्या कायद्याखाली, म्हणजे पीएमएलएखाली, होणाऱ्या अटकेसाठी लेखी कारणे आवश्यक ठरवली. १५ मे २०२४ रोजी प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात हाच नियम बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, या कठोर कायद्याला लावला आणि एक फार उपयोगी भेद स्पष्ट केला. पुढील तपास करायचा आहे, आरोपी पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील, अशी छापील वाक्ये कोणाच्याही अटकेला लावता येतात. ती पुरेशी नाहीत. या विशिष्ट माणसाने नेमके काय केल्याचा आरोप आहे आणि त्यासाठी आधार काय, हे त्याला कळले पाहिजे, कारण त्याशिवाय त्याचा वकील कोठडीला विरोध तरी कशाच्या बळावर करणार? त्यानंतर ७ फेब्रुवारी २०२५ रोजी विहान कुमार प्रकरणात न्यायालयाने कारणे न कळवता केलेली अटकच बेकायदेशीर ठरवली. त्या प्रकरणात आरोपीला रुग्णालयातील खाटेला बेड्यांनी व साखळीने जखडून ठेवले होते, आणि त्याविषयीही न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. नोव्हेंबरच्या निकालाने ही सर्व सूत्रे एकत्र आणून भारतीय न्याय संहितेखालील (पूर्वीची भारतीय दंड संहिता) साध्या गुन्ह्यांपर्यंत आणली.

आता नियम असा आहे. अटकेची कारणे लेखी द्यायची आणि ती अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. पोलिसांसमोरच गुन्हा घडत असेल, किंवा अशाच एखाद्या कारणाने त्या क्षणी लिहून देणे अशक्य असेल, तर तोंडी सांगून नंतर वाजवी वेळेत लेखी द्यायची. मात्र कोठडीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हातात असलीच पाहिजेत. हे झाले नाही तर अटक आणि त्यानंतरची कोठडी बेकायदेशीर ठरते आणि त्या माणसाची सुटका करावी लागते. अर्थात पोलीस नंतर लेखी कारणे देऊन पुन्हा कोठडीची मागणी करू शकतात. हा निकाल म्हणजे गुन्ह्यातून मुक्तता नव्हे, हे लक्षात घ्यावे.

भाषेच्या अटीकडे आपल्या किनारपट्टीवर विशेष लक्ष द्यायला हवे. आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी कामगार, मच्छीमार नौकांवरचे परप्रांतीय खलाशी, चिरेखाणींवरचे कर्नाटकातील मजूर यांना मराठीत टाइप केलेला कागद देऊन त्यावर अंगठा घेतला, तर या निकालाचे पालन झाले असे म्हणता येणार नाही. अशा माणसांच्या मालकांनी आणि शेजाऱ्यांनीही हे जाणून घेतले पाहिजे, कारण त्यांच्यासाठी धावत येणारे नातेवाईक येथे नसतात.

आपण लिहिलेल्या आईच्या बाबतीत तर आणखी एक कर्तव्य मोडले गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४८ नुसार अटकेची आणि आरोपीला कोठे ठेवले आहे याची माहिती नातेवाईकाला किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला ताबडतोब द्यावी लागते, ठाण्यातील नोंदवहीत तशी नोंद करावी लागते, आणि ती नोंद झाल्याची खात्री न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते. कलम ३६ नुसार अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते, आणि कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. हजर करण्याच्या वेळी आरोपीने किंवा त्याच्या वकिलाने हे मुद्दे तोंडी सांगितले तरी न्यायदंडाधिकाऱ्यांना त्यांची नोंद घ्यावी लागते. पहिल्याच तारखेला हे बोलले जाणे फार महत्त्वाचे आहे. दोन महिन्यांनी जामीन अर्जात लिहिलेल्या तक्रारीला ते वजन राहत नाही.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो. मोबाइलवरील स्टेटसमुळे मुलांवर गुन्हे दाखल होतात हे ऐकून भीती वाटते. या वर्षी न्यायालयांनी याविषयी काही दिलासा दिला का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : दिला, आणि तोही स्पष्ट शब्दांत. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी असे सांगितले की, शब्दांचा परिणाम जोखताना विचारी, खंबीर मनाच्या माणसाचा निकष लावावा. प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या माणसाचा नव्हे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अभिव्यक्तीशी संबंधित तक्रारींत या तरतुदीचा वापर करणे योग्य, असे न्यायालयाने सुचवले आहे. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाने कलम ३७० रद्द करण्यावर टीका करणारे स्टेटस ठेवल्यामुळे त्याच्यावर दाखल झालेला गुन्हाही याच दोन न्यायमूर्तींनी रद्द केला होता.

मे महिन्यात पुण्यात शिकणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरासाठी अटक झाली. तिने तो मजकूर काढून टाकला होता आणि माफीही मागितली होती. तरीही महाविद्यालयाने तिला काढून टाकले आणि ती कारागृहात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिला परीक्षा देता यावी म्हणून जामीन दिला आणि महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती दिली. निकाल योग्यच आहे. पण तोपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ ती मुलगी बंदिवासात होती, आणि तो काळ कोणत्याही आदेशाने परत येत नाही. म्हणून आपल्या मुलाला हक्क सांगा आणि त्याबरोबर हेही सांगा की धर्म, जात किंवा एखाद्या समूहाविषयी द्वेष पसरवणाऱ्या मजकुराला या निकालांचे संरक्षण नाही.

प्रश्न : लोकलमधील बाँबस्फोटांच्या खटल्यातील सर्वांना उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. एकोणीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसांना भरपाई मिळते का? आणि ज्यांची माणसे गेली, त्यांनी कोणाकडे पाहायचे? (एक निवृत्त शिक्षक, पनवेल)

उत्तर : आपण दोन प्रश्न एका श्वासात विचारलेत, आणि ते तसेच विचारले पाहिजेत.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर संध्याकाळी झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी सर्व बारा जणांची निर्दोष मुक्तता केली. कबुलीजबाब, ओळख परेड आणि साक्षीदार यांपैकी कशावरही विश्वास ठेवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बारांपैकी एक जण निकालाआधीच कारागृहात मरण पावला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही, असेही स्पष्ट केले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष ठरवले. दोन्ही प्रकरणांतील आरोपी वेगळे, त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे लोकही वेगळे. परंतु माणसे मेली, वर्षे गेली आणि गुन्हा कोणी केला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे. एका निकालावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप व्यक्त करणाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भरपाईविषयी सांगायचे तर, चुकीच्या खटल्यामुळे तुरुंगात गेलेल्या माणसाला हक्काने भरपाई देणारा कायदा आपल्याकडे नाही. १९८३ मध्ये रुदल शाह प्रकरणात, निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे डांबून ठेवलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली होती, आणि तेव्हापासून घटनात्मक न्यायालये अपवादाने अशी भरपाई देतात. विधी आयोगाने २०१८ मधील आपल्या २७७ व्या अहवालात यासाठी विशेष न्यायालये व कायदेशीर तरतूद सुचवली; तिचा कायदा झालेला नाही. मृतांच्या नातेवाईकांना शासनाने त्या काळी मदत दिली असली, तरी खरा गुन्हेगार सापडणे हा त्यांचा हक्क कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तपास पोलिसांनी चुकीच्या दिशेने नेला असेल, तर त्याचे पहिले बळी आरोपी आणि दुसरे बळी हे नातेवाईक असतात.

खटला उभा राहण्याआधीच वर्षे जाण्याचा प्रश्न तर वेगळाच आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला, तेव्हा सहा वर्षांहून अधिक काळ लोटूनही आरोप निश्चित झालेले नव्हते. त्याच प्रकरणात हनी बाबू यांना डिसेंबर २०२५ मध्ये जामीन मिळाला. ते पाच वर्षांहून अधिक काळ आत होते. आरोप खरे की खोटे हे ठरायचे तेव्हा ठरेल. पण खटला सुरू न करता माणसाला आत ठेवणे ही शिक्षाच आहे, आणि ती कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नाही.

प्रश्न : जनसुरक्षा विधेयकामुळे मोर्चे काढणे धोक्याचे होईल, असे आमच्या मच्छीमार संघटनेतील काही जण म्हणतात. काही जण म्हणतात की त्याचा आपल्याशी संबंध नाही. खरे काय? (संघटनेचा एक कार्यकर्ता, मालवण)

उत्तर : महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने संमत केले. त्याआधी ते संयुक्त समितीकडे गेले होते आणि समितीकडे लोकांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांना आवर घालणे हा उद्देश शासनाने सांगितला आणि समितीने मसुद्यात तशी दुरुस्ती केली. संघटना बेकायदेशीर जाहीर करण्याचा अधिकार शासनाला, त्यावर सल्लागार मंडळाची छाननी, आणि दोषी ठरल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा, अशी त्याची ढोबळ रचना आहे. विधानसभेत याला ठाम विरोध नोंदवणारे डहाणूचे आमदार विनोद निकोले हे कोकण विभागातलेच.

तुमच्या संघटनेची नोंदणी आहे, मागण्या एलईडी मासेमारी, पर्ससीन नौका, डिझेल परतावा यांविषयी आहेत, आणि मोर्चे शांततेने निघतात. अशा संघटनेवर या कायद्याने उद्याच बंदी येईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही 'आपल्याशी संबंध नाही' हे म्हणणे मला त्याहून अधिक चिंतेचे वाटते. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत हिंसाचाराबरोबरच सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका निर्माण करणे, कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणणे, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे, अशा सैल शब्दांचा समावेश झाला. कायदेभंगाची चळवळ ज्या किनाऱ्यावर शिरोड्याच्या मिठागरांत १९३० मध्ये लढली गेली, तेथील माणसाला या शब्दांचा पल्ला समजावून सांगण्याची गरज नसावी. कायद्याचे मोजमाप त्याचा वापर करणाऱ्या आजच्या अधिकाऱ्याच्या सद्हेतूवरून करायचे नसते. तो शब्दशः कोणाकोणाला लागू होऊ शकतो, यावरून करायचे असते.

रोजच्या व्यवहारात मात्र तुमची गाठ या विधेयकापेक्षा जुन्या कलमांशीच अधिक पडेल: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील मनाई आदेश, कलम ५६ खालील तडीपारी, आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, म्हणजे पूर्वीचे १४४. राजापूर तालुक्यात बारसू येथे प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी झालेल्या माती परीक्षणाच्या वेळी २०२३ मध्ये या अधिकारांचा वापर किती सहज होतो, हे आपण पाहिले. जानेवारी २०२० मधील अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणे दिली पाहिजेत आणि सनदशीर मतप्रदर्शन दाबण्यासाठी ते वापरता येणार नाहीत, असे सांगितले आहे. म्हणून मोर्चाच्या परवानगीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार मिळाल्यास तोही लेखीच मागा. तोंडी नकाराला आव्हान देणे कठीण जाते.

प्रश्न : आधी प्रकल्प उभारायचा आणि मग पर्यावरण परवानगी घ्यायची, हे बेकायदेशीर असल्याचा निकाल मे महिन्यात लागला म्हणून आम्ही आनंदलो होतो. नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला, असे कळले. न्यायालय आपलाच निकाल मागे घेऊ शकते का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पुनर्विलोकनाच्या अधिकारात घेऊ शकते, आणि येथे तेच झाले. 'वनशक्ती' या पर्यावरणविषयक संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती ओक व न्यायमूर्ती भुयान यांनी केंद्र शासनाची २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चे कार्यालयीन ज्ञापन रद्द करून, काम सुरू झाल्यानंतर पूर्वलक्षी परवानगी देण्याची पद्धत बेकायदेशीर ठरवली. १८ नोव्हेंबर रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. आधीचे काही निकाल विचारात घेतले गेले नव्हते आणि पूर्ण झालेले सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागले तर मोठे नुकसान होईल, ही बहुमताची भूमिका होती. न्यायमूर्ती भुयान यांनी भिन्नमत नोंदवले. विषयाची सुनावणी नव्याने घ्यायचे ठरले.

बहुमताचा मान राखूनही मला भिन्नमत अधिक पटते, आणि ते केवळ झाडांसाठी किंवा खाड्यांसाठी नव्हे. पर्यावरण परवानगीविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ज्या प्रकल्पांना जनसुनावणी सक्तीची केली आहे, तेथे सामान्य माणसाला बोलण्याची ती एकमेव कायदेशीर जागा आहे. कारखाना उभा राहिल्यावर, सांडपाण्याची वाहिनी खाडीत सोडून झाल्यावर 'तुमचे म्हणणे काय?' असे विचारण्यात अर्थ उरत नाही.

सुनावणी होईल तेव्हा काही गोष्टींचा आग्रह धरा. किमान तीस दिवसांची सूचना वृत्तपत्रांत द्यावी लागते, आणि त्यांपैकी एक वृत्तपत्र स्थानिक भाषेतील असावे लागते. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे 'माणसे कमी आली' हे कारण कोणालाही चालत नाही, आपल्यालाही नाही. सर्वांत दुर्लक्षित तरतूद अशी की, सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा सारांश उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि मगच त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही व्हायची असते. घोषणा देऊन मांडव सोडण्यापेक्षा ते वाचन होईपर्यंत थांबा, आणि आपला आक्षेप त्यात आला नसेल तर तेथेच सांगा.

प्रश्न : घरकुल योजनेच्या लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागितली. 'ही वैयक्तिक माहिती आहे, नवीन कायद्याने देता येत नाही' असे उत्तर आले. हे बरोबर आहे का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : कायदा बदलला हे खरे, उत्तर पूर्ण मात्र नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होते, हे दाखवावे लागे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोनच शब्द शिल्लक आहेत. माहिती अधिकाराला १२ ऑक्टोबर रोजी वीस वर्षे पूर्ण झाली आणि महिनाभरात त्याचा हा कणा कापला गेला, याचे मला अतिशय दुःख आहे. खासगीपणाचा हक्क २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत ठरवला तो नागरिकाला सत्तेपासून जपण्यासाठी. त्याची ढाल करून कार्यालयांनी हिशेब झाकावेत, यासाठी नव्हे.

आपल्या हाती अजून दोन आधार आहेत. कलम ८(२) कायम आहे: माहिती अपवादात बसत असली तरी तिच्या प्रकटनातील जनहित हानीपेक्षा मोठे असेल, तर ती देता येते. आणि कलम ४(१)(ख) नुसार अनुदान योजनांची अंमलबजावणी, वाटप झालेल्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कोणी न मागताच प्रसिद्ध करायचा असतो. कलम ८ चा अपवाद कलम ४ वर मात करतो, असा युक्तिवाद अधिकारी करू शकतील. म्हणून दोन्ही कलमांचा उल्लेख एकत्र करा. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रथम अपील दाखल करा. त्यात योजना सार्वजनिक पैशाची आहे, पात्र कुटुंबे वगळली गेल्याच्या तक्रारी आहेत आणि आपण आधार क्रमांक किंवा बँक खाते मागत नसून केवळ नाव, वाडी, मंजूर रक्कम व कामाची स्थिती मागत आहात, हे स्पष्ट लिहा. शिवाय ग्रामसभेत हीच यादी वाचून दाखवण्याची मागणी करा. तेथे अर्जही लागत नाही.

प्रश्न : माथेरानच्या हातरिक्षांविषयीचा निकाल या आढाव्यात बसतो का? (एक वाचिका, नेरळ)

उत्तर : निश्चित बसतो. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढत नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हे चालक हौसेने नव्हे, तर दुसरे साधन नाही म्हणून रिक्षा ओढतात, हे ओळखून त्यांच्यासाठी ई-रिक्षांची योजना करण्यास शासनाला सांगितले, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. ही मुदत फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यापर्यंतची होती. ई-रिक्षा आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळतात की अन्य कोणाला, यावर आपण माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी लक्ष ठेवले पाहिजे.

प्रश्न : कोल्हापूरला उच्च न्यायालय आल्याचा आम्हाला प्रत्यक्ष फायदा काय? आणि वकील देण्याची ऐपत नसेल तर? (एक वाचिका, कुडाळ; अशीच पत्रे लांजा व दापोली येथूनही)

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर यांबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. रायगड मुंबईकडेच राहिला. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ ही मागणी लावून धरली होती. कुडाळच्या किंवा लांज्याच्या माणसाला फोंडा, गगनबावडा किंवा आंबा घाट चढून जाऊन तारीख आटोपून त्याच दिवशी घरी परतता येते. मुंबईत त्यासाठी रेल्वेचे तिकीट, नातेवाइकाकडे मुक्काम आणि दोन दिवसांची मजुरी मोजावी लागत होती. बेकायदेशीर कोठडीविरुद्धची हेबियस कॉर्पस याचिका, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, जामीन, मनाई आदेशाला आव्हान, असे वर चर्चिलेले जवळजवळ सर्व उपाय आता तेथे मागता येतात, आणि म्हणूनच वर्षातील अन्य निकालांइतकेच महत्त्व मी या बातमीला देतो.

दापोली आणि मंडणगडच्या वाचकांची तक्रार रास्त आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कोल्हापूर मुंबईच्या तुलनेत फारसे जवळ पडत नाही, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तेही अंतर वाढते. त्यांच्यासाठी तालुक्याचे न्यायालय बळकट होणे अधिक उपयोगाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे, त्या मंडणगडमध्ये न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १२ ऑक्टोबर रोजी सरन्यायाधीश गवई यांच्या हस्ते झाले. उत्तर रत्नागिरीच्या पक्षकारांसाठी दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी ही सवलत न राहता नियमित सोय व्हावी, अशी मागणी तालुका वकील संघांनी आता लेखी करायला हवी.

वकिलाच्या खर्चाविषयी : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि या गटांसाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पहिल्या पत्रातील त्या आईला मुलासाठी वकील मागताना उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितला, तर तो मागता येत नाही, एवढे तिने शांतपणे सांगावे. अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर देता येतो, लिहिता येत नसेल तर तेथील कर्मचाऱ्याला सांगून लिहून घेता येतो, आणि प्रकरण उच्च न्यायालयात न्यायचे असले तरी सुरुवात येथूनच करता येते. रात्री-अपरात्री अटक झाली आणि कोणाला विचारावे हे सुचेनासे झाले, तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.